सर्जनशीलतेला दहा गुण

प्रति,
मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की आपल्या जिल्ह्यांत लघुपट स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. महाविद्यालये, तरुण मंडळे, सेवाभावी संस्था, काही ठिकाणी नगरपालिकासुद्धा अशा स्पर्धा घेतात आणि त्यांची निवेदने आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत प्रसिद्ध होतात. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले असून गेली काही वर्षे वाई परिसरातल्या मुलामुलींबरोबर लघुपट करून पाहण्याचा एक छोटा उपक्रम चालवते. त्या ओळखीने गेल्या हिवाळ्यात एका संस्थेने मला परीक्षक म्हणून बोलावले. तिथे दोन दिवसांत जे पाहिले ते अजून मनातून गेलेले नाही. नव्या हंगामाच्या नियमावल्या आता लवकरच छापल्या जातील, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागा असेल तर ते न कापता छापावे, अशी विनंती आहे.

परीक्षकांच्या हाती जो गुणतक्ता दिला होता, त्यात सामाजिक संदेशाला ३० गुण होते, तांत्रिक बाजूला २५, अभिनयाला २०, विषयनिवडीला १५ आणि सर्जनशीलतेला १०. विषयही संस्थेनेच ठरवून दिले होते: व्यसनमुक्ती, बेटी बचाओ, पाणी, मोबाइलचे दुष्परिणाम, वृक्षारोपण. तक्ता करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण त्या तक्त्यात सर्जनशीलता ही पदार्थ तयार झाल्यावर वरून पेरायच्या कोथिंबिरीसारखी शेवटच्या रकान्यात येते, आणि लघुपटाची खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. संदेश, अभिनय, चित्रीकरण, ध्वनी या सगळ्यांना जी गोष्ट एकत्र बांधते आणि जिच्यावाचून त्यांपैकी एकही जिवंत होत नाही, तिलाच आपण सर्वांत कमी मोजतो. तक्ता असा असला की मुले काय करतात, ते मी पाहिले. चाळीसच्या आसपास लघुपट होते. त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात ड्रोनने टिपलेल्या गावाच्या दृश्याने होत होती, मध्ये बासरीचे तयार संगीत होते, एक दारुडा बाप किंवा मोबाइलमध्ये बुडालेला मुलगा होता, कोणी तरी आजारी पडत होते किंवा मरत होते, आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उपदेश उमटत होता. ही मुले आळशी नव्हती. कित्येकांनी पदरचे पैसे घातले होते, रात्री जागवल्या होत्या. त्यांना जे मागितले गेले, तेच त्यांनी प्रामाणिकपणे आणून दिले होते.

या सगळ्यांत चार मिनिटांचा एक लघुपट निराळा होता. तो अकरावीत शिकणाऱ्या दोन मुलींनी केला होता. पडदा काळा असतानाच भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागतो आणि मग दिसतात ते फक्त एका म्हातारीचे हात. ते हात भाकरी थापतात, राखेने भांडी घासतात, लसूण सोलतात, देवापुढची वात वळतात, भुईमुगाच्या वाफ्यात खुरपे चालवतात. कॅमेरा हळूहळू तिच्या उजव्या अंगठ्याजवळ येत जातो. मग रेशन दुकान. अंगठा लावायचे यंत्र, त्याचा लाल उजेड, नकाराचा बीप असा आवाज आणि दुकानदाराचे शब्द, ‘पुन्हा लावा.’ ती अंगठा पदराला पुसून पुन्हा लावते. यंत्र पुन्हा नाही म्हणते. चौथ्या वेळी दुकानदार म्हणतो, ‘उद्या या आजी,’ आणि दोन हात रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरतात. शेवटच्या दृश्यात डब्याच्या तळाचे पीठ खरवडून काढले जाते, लहानशी भाकरी थापली जाते, आणि त्या ओल्या पिठावर तिच्या अंगठ्याचा खळगा क्षणभर स्वच्छ उमटलेला दिसतो. आयुष्यभराच्या कष्टाने रेषा झिजल्या म्हणून यंत्राला जो ठसा सापडत नाही, तो पिठाला सापडतो. संवाद म्हणावेत असे दोनच. म्हातारीचा चेहरा आपल्याला अखेरपर्यंत दिसत नाही, आणि तरी तो ओळखीचा होऊन जातो.

या लघुपटाला पहिल्या दहांत जागा मिळाली नाही. विषय यादीत नव्हता, म्हणून विषयनिवडीचे गुण गेले. संदेश स्पष्ट नाही, शेवटी शासनाला काही आवाहन हवे होते, असे मत पडले. सहपरीक्षकांना मी दोष देत नाही; हातातल्या तक्त्याप्रमाणे त्यांनी चोख गुण दिले. निकालानंतर मी त्या मुलींना विचारले की चेहरा न दाखवण्याचे कसे सुचले. त्यांनी सांगितले की आधी आजीला कॅमेऱ्यासमोर बसवून तिची हकीकत तिच्याच तोंडून सांगायला लावायचे ठरले होते, पण ती ऐकेना. ‘माझं तोंड नका घेऊ,’ एवढेच ती म्हणत राहिली. दोन दिवस मुली हिरमुसून बसल्या, आणि मग त्यांतल्या एकीच्या लक्षात आले की आजी तोंड दाखवायला लाजते, पण तिचे हात घरात दिवसभर सगळ्यांसमोर असतात आणि ते कोणीच पाहत नाही. लघुपटातली सर्जनशीलता म्हणजे काय, असे मला कोणी विचारले, तर मी हा प्रसंग सांगेन. अडचण समोर आली तेव्हा त्या मुली तिला वळसा घालून गेल्या नाहीत. त्या अडचणीलाच त्यांनी आपल्या कृतीचा आकार दिला.

आपल्याकडे चित्रपटाची सुरुवातच अशा एका लघुपटाने झाली आहे, आणि त्याची आठवण स्पर्धांच्या उद्घाटनाच्या भाषणांत क्वचितच निघते. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, हे सगळ्यांना पाठ असते. त्याआधी १९११ मध्ये त्यांनी गिरगावातच ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, चित्रपटाचा ध्यास घेतला, डोळ्यांचे दुखणे ओढवून घेतले, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ च्या सुरुवातीला लंडन गाठले आणि कॅमेरा व कच्ची फिल्म मिळवण्याची व्यवस्था करून ते परत आले. आता भांडवल हवे होते. हिंदुस्थानात चित्रपट निर्माण होऊ शकतो, यावर विश्वास ठेवायला सावकार तयार नव्हते. अशा वेळी दुसऱ्या कोणी नामांकित नटाला उभे करून पुराणातला एखादा प्रवेश चित्रित केला असता, किंवा देशी उद्योगाच्या गरजेवर भाषण दिले असते. फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले. तिच्यासमोर कॅमेरा पक्का करून महिनाभराहून अधिक काळ ते ठरावीक वेळाने एकेक चौकट (फ्रेम) टिपत राहिले आणि त्यातून मिनिटभराची एक फीत तयार झाली. बी फुटते, कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढू लागतो. महिन्याभराची वाढ एका मिनिटात. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ती ओळखली जाते. ती पाहून ज्यांनी कर्ज देऊ केले, त्यांच्यामुळे पुढचा इतिहास घडला.

या एका मिनिटाचा थोडा हिशेब करून पाहावा. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चौकटींचा वेग धरला जाई, म्हणजे मिनिटभराच्या फितीला नऊशेहून अधिक चौकटी लागतात. तेवढ्या चौकटी, एकेक करून, महिनाभर, कुंडी न हलवता, कॅमेरा न हलवता. यात चिकाटी आहेच, पण चिकाटीच्या आधी एक निवड आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. कागदावर लिहून, रंगमंचावर करून किंवा एका छायाचित्रात जे कधीच दाखवता आले नसते, ते फाळक्यांनी निवडले. रोपटे वाढते हे सावकारांना ठाऊक होते. ते वाढताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. हे नवे माध्यम काय करू शकते, या प्रश्नाचे ‘काळ मुठीत धरू शकते’ हे उत्तर त्यांनी त्याच माध्यमातून दिले. तिथे सांगायची गोष्ट आणि सांगायची रीत वेगळी करताच येत नाही. पुढेही फाळके साध्या आगकाड्या एकेका चौकटीला थोड्या थोड्या हलवून त्यांची मौज पडद्यावर आणत राहिले. त्यांच्याही आधी सावेदादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती कॅमेऱ्यात टिपली होती, आणि त्यांचे ऋण मोठे आहे. पण समोर घडले ते टिपणे आणि कॅमेऱ्यावाचून जे घडलेच नसते ते घडवणे, यांतले अंतर त्या वाटाण्याच्या वेलात दिसते. आजच्या स्पर्धेत तो वेल पाठवला असता, तर संदेशाच्या रकान्यात त्याला किती गुण मिळाले असते, हा प्रश्न मी आयोजकांना मनापासून विचारते.

बंधनातून वाट काढण्याचे आणखी एक उदाहरण मी मुलांना नेहमी दाखवते. १९६४ मध्ये सत्यजित राय यांना एका परदेशी दूरचित्रवाणी मालिकेसाठी इंग्रजीत लघुपट करायला सांगितले गेले. बंगाली मुलांच्या तोंडी इंग्रजी घालणे त्यांना खोटे वाटले, म्हणून त्यांनी भाषाच काढून टाकली. ‘टू’ या त्यांच्या लघुपटात एक श्रीमंत मुलगा आपल्या घराच्या खिडकीत आहे आणि एक गरीब मुलगा खाली झोपडीजवळ. गरीब मुलगा बासरी वाजवतो तर श्रीमंत मुलगा आपले महागडे खेळणे काढून दाखवतो. गरीब मुलगा पतंग उडवतो तर श्रीमंत मुलगा हवेच्या बंदुकीने तो पतंग फाडतो. एकही शब्द नाही, आणि शेवटी खोलीतल्या खेळण्यांच्या गोंगाटातून बाहेरची बासरी पुन्हा ऐकू येते. विषमता हा शब्द न उच्चारता विषमता सांगून होते. इंग्रजीची अट नसती, तर कदाचित राय यांनी त्या मुलांना बोलते केले असते आणि लघुपट साधा झाला असता, असे मला वाटते. कॅमेरा नाही म्हणून आम्ही काही करू शकत नाही, असे म्हणणाऱ्या मुलांना मी हेही सांगते की क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६२ मध्ये जवळजवळ संपूर्ण लघुपट स्थिर छायाचित्रे ओळीने लावून केला आणि तो आजही जगभर अभ्यासला जातो.

आपल्या पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या एका लघुपटाला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात पहिले पारितोषिक मिळाले. दिग्दर्शक चिदानंद नाईक, लांबी सुमारे सोळा मिनिटे, चित्रीकरणाला मिळालेले दिवस चार. कथा कन्नड लोककथेवरून घेतलेली आहे: एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते आणि गावात सूर्य उगवायचाच थांबतो. हे वाचल्यावर प्रत्येक मराठी वाचकाच्या ओठांवर आपली म्हण येईल की कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली, वाक्यात उपयोग करायला लावला, आणि एकदाही माझ्या मनात आले नाही की समजा, खरोखरच तांबडे फुटायचे राहिले तर? सर्जनशीलतेची सुरुवात पुष्कळदा अशा एका ‘समजा’पासून होते. त्यासाठी नवे, अनोखे विषय धुंडाळावे लागत नाहीत. ते घरातल्या म्हणीत, रेशनच्या रांगेत, कुंडीतल्या वाटाण्यात असतात.

विषयांचीच गोष्ट निघाली म्हणून एक सांगते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध मी वर्षानुवर्षे मुलांना लिहायला दिला. धरतीने हिरवा शालू नेसला, इंद्रधनुष्याची कमान उभी राहिली, असे लिहिणाऱ्याला मी चांगले गुण दिले. नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट मी पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझाच वर्ग उभा राहिला. शाळेत पावसाचा निबंध लिहायला सांगितला आहे आणि मुलाचे घर गळते आहे, एवढीच गोष्ट. गळणाऱ्या घरातून लिहिणाऱ्या मुलाला हिरवा शालू कुठून दिसणार, हा प्रश्न त्या लघुपटाने मला विचारला, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. या लघुपटाला ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागातल्या दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि प्रत्यक्ष स्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणालाही मिळाला. हा दुसरा पुरस्कार मला तितकाच महत्त्वाचा वाटतो, कारण तिथला पाऊस नुसता दिसत नाही. तो संपूर्ण लघुपटभर कानांवर आदळत राहतो, आणि सतत कोसळणाऱ्या पावसात घर म्हणजे काय, हे कानांनाच आधी कळते. स्पर्धेच्या विषयपत्रिकेत आणि माझ्या त्या निबंधाच्या विषयात मला फार फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी उत्तर आधीच ठरलेले असते आणि मुलाने ते सजवून परत द्यायचे असते.

आमच्या उपक्रमात आम्ही काय करतो, ते थोडे सांगते, कारण नुसती टीका करून थांबणे मला बरे वाटत नाही. वाई आणि मेणवलीच्या घाटावर मोठमोठ्या चित्रपटांची चित्रीकरणे होत असतात. इथल्या मुलांनी लहानपणापासून क्रेन, जनरेटरच्या गाड्या, नटांच्या व्हॅन पाहिलेल्या आहेत. त्यामुळे चित्रपट म्हणजे ती सामग्री, अशी त्यांची समजूत असते, आणि ती सामग्री नाही म्हणून ती ड्रोन भाड्याने आणतात. आम्ही पहिला आठवडा कॅमेऱ्याला हातच लावत नाही. मुलांनी एखाद्या जागी, एसटी स्टँडवर, पिठाच्या गिरणीत, नदीकाठी अर्धा तास बसायचे आणि ऐकू आलेले आवाज वहीत लिहायचे. मग जे दाखवायचे आहे ते अर्ध्या पानात लिहायचे, आणि जे वाक्य पडद्यावर दिसू किंवा ऐकू येणार नाही, ते खोडायचे. ‘तिला खूप वाईट वाटते’ हे वाक्य खोडले की मुलांची पंचाईत होते, आणि खरे काम तिथून सुरू होते.

डोंगरातल्या एका वाडीवरच्या मुलाला आपल्या मोठ्या भावाविषयी लघुपट करायचा होता. भाऊ शहरात कामाला गेला आणि हळूहळू घरी येईनासा झाला. पहिल्या मसुद्यात आई शेजारणीला म्हणत होती की आता दादा येत नाही. मी विचारले, हे न बोलता कसे कळेल? तो घरी जाऊन विचार करून आला. संध्याकाळी मुक्कामाची एसटी घाट चढून येते तेव्हा वळणावर हॉर्न देते आणि तो त्यांच्या घरात ऐकू येतो. दुसऱ्या मसुद्यात हॉर्न वाजताच आई परातीत मूठभर पीठ जास्त घेते आणि थोड्या वेळाने ते डब्यात परत टाकते. हे पहिल्यापेक्षा कितीतरी चांगले होते, आणि मी स्वतः तिथेच थांबले असते. पण तो तिसऱ्यांदा लिहून आला. आता तीन संध्याकाळी होत्या. पहिल्या संध्याकाळी हॉर्न ऐकून आईचा पीठ मळणारा हात थांबतो आणि ती दाराकडे पाहते. दुसऱ्या संध्याकाळी हात थांबतो, पण ती पाहत नाही. तिसऱ्या संध्याकाळी हॉर्न वाजतो आणि हात थांबतच नाही. एवढाच लघुपट, अडीच मिनिटांचा. काहीही न घडण्याने इतके दुःख सांगता येते, हे मला त्या मुलाने शिकवले. यासाठी त्याला कॅमेरा मोबाइलचाच लागला, दिवा रोजचाच लागला, आणि आईला अभिनय करावा लागला नाही. लागले ते तीन मसुदे आणि ते लिहायला मिळालेला वेळ. आपल्या स्पर्धांत निवेदन छापल्यापासून प्रवेशिका पाठवण्याच्या तारखेपर्यंत बहुधा तीन आठवडे असतात. एवढ्या वेळात पहिलाच मसुदा पडद्यावर येतो आणि पहिल्या मसुद्यात सगळेच जण शेजारणीशी बोलतात.

तंत्राचे महत्त्व मी कमी लेखते आहे, असा गैरसमज होऊ नये. खराब आवाजाने चांगला लघुपट मातीमोल होतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. वाऱ्याच्या घोंघावण्यात बुडालेला संवाद कितीही हृद्य असला तरी प्रेक्षक तो सोडून देतो. दुसरा एखादा मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ, चौकटीच्या बाहेर ठेवून आवाज वेगळा मुद्रित केला आणि संकलनात जुळवला, तरी निम्मा प्रश्न सुटतो. पण कोणता आवाज ठेवायचा आणि कोणता काढायचा, एसटीचा हॉर्न किती दुरून यायचा, कुठे काहीच ऐकू येऊ द्यायचे नाही, हे यंत्र ठरवत नाही. तयार संगीत एका बोटाने मिळते, हल्ली पटकथाही यंत्राकडून लिहून मिळते, आणि म्हणूनच ज्याचे त्यालाच ठरवावे लागेल असे जे उरते, त्याची किंमत वाढली आहे.

त्याचप्रमाणे संदेशालाही माझा विरोध नाही. फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ साली झाली आणि पुढे कित्येक दशके चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी तिचे माहितीपट दाखवणे बंधनकारक होते. माझ्या पिढीने ते शाळकरी वयात पाहिले. त्यांतले पुष्कळसे सरकारी भाषणासारखे होते, हे खरे आहे. पण त्याच संस्थेत साठच्या दशकात प्रमोद पती यांनी कुटुंबनियोजनासारखा ठरवून दिलेला विषय घेऊन जिवंत माणसांना एकेका चौकटीने बाहुल्यांसारखे हलवत असा लघुपट केला की विषय बाजूला ठेवूनही तो पाहत राहावासा वाटतो. विषय दिलेला असला तरी पाहण्याची दृष्टी स्वतःची असू शकते. मात्र त्यासाठी ती दृष्टी कोणी तरी मागावी लागते, आणि आपला गुणतक्ता ती मागत नाही.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी या हंगामात विषयांची यादी देणे थांबवून पाहावे आणि तिच्याऐवजी बंधन द्यावे. एकाच खोलीत घडणारा लघुपट करा, संवादाविना करा, एकाच वस्तूवर करा, असे सांगून पाहावे. संदेशाचा रकाना काढून टाकावा. ज्या लघुपटात सांगण्यासारखे काही असेल, त्याचा परिणाम इतर रकान्यांत आपोआप दिसेल. सर्जनशीलतेला वेगळे गुण देण्याऐवजी परीक्षकांनी प्रत्येक लघुपटाविषयी चार ओळी लिहून द्याव्यात, कोणता निर्णय साधला आणि कोणता फसला, हे त्यात असावे. प्रवेशशुल्क भरून, रात्री जागवून लघुपट केलेल्या मुलाला नुसता आकडा देऊन परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. मुदत तीन महिन्यांची ठेवावी. आणि निवडलेले लघुपट बक्षीस समारंभात भाषणांच्या अधेमधे, दिवे चालू असताना, पाच मिनिटांत उरकू नयेत. अंधार करून, नीट आवाजात, ते ज्यांच्याविषयी आहेत त्या लोकांना बोलावून दाखवावेत.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. स्पर्धेच्या निकालाच्या बातमीत प्रमुख पाहुण्यांची, अध्यक्षांची आणि आभार मानणाऱ्यांची नावे असतात, विजेत्यांची नावे असतात, पण लघुपट कशाविषयी होता आणि तो कसा सांगितला होता, याविषयी एक वाक्यही नसते. नाटकाच्या प्राथमिक फेरीविषयी आपण जसे अभिप्राय छापत आलो आहोत, तसे दोन लघुपटांविषयी पन्नास-साठ शब्द दर आठवड्याला छापले, तर गावोगावच्या मुलांना कोणी आपले काम पाहते आहे, हे कळेल. हे लिहिण्यासाठी वार्ताहरांना वेळ नसेल, तर वाचकांमधून लिहिणारे मिळतील. मी स्वतः विनामोबदला लिहायला तयार आहे.

ज्या दोन मुलींचा अंगठ्याचा लघुपट होता, त्यांना त्या संस्थेतल्या एका पदाधिकाऱ्यांनी आपुलकीने सुचवले की शेवटी एक संदेशाची पाटी जोडा आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाठवा, नक्की विचार होईल. पाटी जोडायची का, असे विचारायला त्या माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना शेवटचे दृश्य पुन्हा लावून दाखवायला सांगितले. ओल्या पिठावर अंगठ्याचा खळगा उमटला तसे आम्ही तिघीही गप्प बसलो. त्यांनी पाटी जोडलेली नाही. सध्या त्या पुढच्या लघुपटासाठी रेशन दुकानासमोरच्या रांगेतले आवाज मुद्रित करत आहेत आणि तो कोणत्या स्पर्धेला पाठवायचा, हे त्यांना नियमावल्या छापून आल्यावरच ठरवता येणार आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
वाई, जि. सातारा